एक्कावन्नाव्या पानावरची खूण

चौथं प्रकरण संपलं तेव्हा मागची खोली कादंबरीत गेली, आणि त्या खोलीत दत्तोपंत झोपलेले होते. मनोरमाबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. स्वयंपाकघरापलीकडे दार होतं तिथं आता सपाट भिंत होती, चुना चांगला वाळलेला. त्यांनी पान उलटलं. बावन्नाव्या पानावर पाचवं प्रकरण सुरू होत होतं. टेकडीवरचा बंगला, पश्चिमेची बंद खोली, आणि आत कुणीतरी खोकतंय. पन्नास वर्षं शेजारी ऐकलेला खोकला बाईमाणूस कुठंही ओळखतं.

कादंबरी नवी कोरी, पण जुन्या भयकथांच्या वळणाची. धुकं, विधुर मालक, पगारी नर्स, सगळं यथासांग. बाईंना असलं काही मिळालं की तहानभूक हरपायची. "अगं, भुतंच हवीत तर मी काय वाईट आहे?" दत्तोपंत म्हणायचे. कमरेचं हाड मोडून दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते, पण जित्याची खोड, चेष्टा काही सुटत नव्हती.

"अहो," बाई पानाजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "बाहेर या बघू."

"कसा येऊ? बाहेरून कुलूप आहे," पुढच्या ओळीत ते म्हणाले. "नर्स मला भूत समजते. पाणीसुद्धा ठेवत नाही."

मनोरमाबाईंना रडू फुटलं. दोन वर्षांत त्यांनी या माणसाला एकदाही तहानलेलं ठेवलं नव्हतं.

पुस्तक पदराखाली घेऊन त्या तडक वाचनालयात गेल्या. फणसळकर ग्रंथपाल तिथं इतकी वर्षं बसले होते, की त्यांना कशाचंच नवल वाटत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"शेवटी बंगला जळतो," ते म्हणाले. "असल्या कादंबऱ्यांत जळतोच."

"म्हणून तर थांबलेय. मी पुढं वाचलंच नाही तर कसा जळेल?"

फणसळकरांनी एक्कावन्नावं पान काढलं. एकदा वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून या वाचनालयातल्या बायका त्या पानाच्या कोपऱ्यात आपापली खूण करत. कुणाचं टिंब, कुणाचं स्वस्तिक, मनोरमाबाईंचं तुळशीचं पान. मागाहून विसरायला होतं म्हणून त्या पुस्तक घरी आणल्या आणल्याच खूण करून मोकळ्या व्हायच्या. अतिशहाणपणा, दुसरं काय! ही खूणही त्यांनी केली होती, बॉलपेननं, निळी.

"तुमचीच ना?"

"हो."

"मग तुमचं वाचून झालंय."

"फणसळकर, माझा माणूस आहे हो आत."

"पेन्सिल असती तर गोष्ट वेगळी," फणसळकर म्हणाले, आणि पुढच्या बाईचं कार्ड शोधू लागले.

घरी येईतो स्वयंपाकघर गेलं होतं. मधल्या खोलीचा निम्मा भाग गेला होता, उरलेल्या निम्म्यात पाऊल ठेवायचा त्यांना धीर होईना. पुढच्या खोलीत, दाराला पाठ लावून त्या बसल्या आणि खोडरबरानं खूण घासू लागल्या.

"अगं," पानामागून आवाज आला, "जळकट वास येतोय. दूध उतू गेलं का?"

"नाही हो. झालंच माझं."

निळं काही हलेना. त्यांनी बोट थुंकीनं ओलं केलं. आता देठ पुसट झाला, पण कागदाची लव निघायला लागली.

"पाठीला काहीतरी घासतंय गं."

"जरा कळ काढा."

"धूर फार झालाय, मनू."

लग्न झाल्यापासून त्यांनी नावानं कधी हाक मारली नव्हती. मनोरमाबाईंनी पान उजेडाकडे धरलं. देठ गेला होता, पानाची एक कड तेवढी उरली होती. तेवढी गेली की वाचणं झालं नाही, वाचणं झालं नाही की आग नाही. त्यांनी अंगठ्यानं सगळा जोर लावला.

कड गेली. त्यांनी घाईनं पान उलटलं. कोपऱ्यात पलंग होता, पांघरूण होतं, उशीला डोक्याचा खळगा होता. पांघरुणाच्या मधोमध वाटोळं भोक होतं, आणि भोकातून पन्नासावं पान दिसत होतं, आधीच वाचलेलं.