दोघांच्या मधली जागा

बेंगळुरातल्या राजाजीनगरच्या एका शाळेत नववी 'ब'चं नाव काढलं की भलेभले शिक्षक तास बदलून मागायचे. कारण होती दोन कार्टी, प्रणीत आणि हयवदन. एकाने जांभई दिली की दुसऱ्याने शीळ घातलीच म्हणून समजा. हा वर्ग गणिताच्या वसुमतीबाईंच्या गळ्यात पडला, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांना त्यांची कीव आली.

पण बाई लेच्यापेच्या नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं मराठी घर, तोंडात निम्मं कन्नड, आणि अर्धं आयुष्य खडूच्या धुळीत गेलेलं. त्यांनी शिक्षकांचा जुनाच तोडगा काढला. दोन दंगेखोरांच्या मधोमध वर्गातली सगळ्यात गरीब स्वभावाची पोर बसवायची. ती पोर म्हणजे पवित्रा. निपाणीकडून नुकतीच आलेली, बाप व्हाइटफील्डच्या एका ऑफिसच्या कॅबवर ड्रायव्हर.

"या दोघांना बोलू देऊ नकोस हं," बाई तिला मराठीत म्हणाल्या. "स्वल्प, जरासं सांभाळून घे, माझी बाई."

पोरीने मान डोलावली. एवढ्या मोठ्या परक्या शाळेत आपल्या भाषेत बोलणारी एकच मिस, तिचा शब्द ती कशी मोडणार?

आणि तोडगा लागू पडला की हो. वर्ग चिडीचूप झाला. मुख्याध्यापिका धनलक्ष्मी मॅडम व्हरांड्यातून जाताना मुद्दाम थांबून ती शांतता ऐकायच्या. मग बाकीच्या वर्गांतही अशीच एकेक गरीब पोर मध्ये जाऊन बसली. बाईंना अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

पालकसभेला पवित्राची आई यल्लव्वा यायची. चपला दाराबाहेर काढायची आणि एकच विचारायची, "मिस, शिकतीया न्हवं?" तिच्या जिवाला घोर होता. नवऱ्याने बजावलं होतं, नववीत नापास झाली तर शाळा बंद, पोरीला निपाणीला मामाकडे धाडायचं आणि स्थळं बघायची. हे तिने बाईंना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं.

"तिची काही तक्रारच नाही," बाई दरवेळी म्हणायच्या, आणि यल्लव्वा हात जोडून निघून जायची. तिने विचारलं होतं शिकण्याचं आणि बाई सांगत होत्या वागण्याचं, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. सहामाहीत पवित्राचे गुण घसरले, तेव्हाही नवी शाळा आहे, रुळेल हळूहळू, म्हणून बाईंनी सोडून दिलं. शांत पोराकडे बघायला वेळ कुणाला असतो?

वार्षिक परीक्षा झाली. प्रणीत काठावर पास झाला, हयवदन तर चांगल्या गुणांनी. पवित्रा गणितात नापास.

फेरपरीक्षेची एक संधी होती. बाई रिकाम्या वर्गात तिला एकटीला घेऊन बसल्या. पाहतात तो काय, पोरीला वर्षाचा पहिला धडासुद्धा येत नव्हता.

"अगं, हे मी फळ्यावर पुन्हा पुन्हा करून दाखवलंय. तू कुठे बघत होतीस?"

"त्यांच्याकडं, मिस."

"कुणाकडे?"

"प्रणीत नि हयवदनकडं. बोलू देऊ नको म्हनला होता न्हवं तुमी?" पवित्रा साधेपणाने सांगत होती. "ह्याच्याकडं बघितलं की तो तोंड उघडायचा. मग त्याच्याकडं बघायचं. चिमटंबी काढायचे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"वर्गात आवाज झाला असता."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्या जिवाचं रान करून शिकवू लागल्या. पण तहान लागल्यावर विहीर खणून पाणी लागतं थोडंच? पवित्रा फेरपरीक्षेतही राहिली. बाई धनलक्ष्मी मॅडमकडे गेल्या, पोरीचं वर्ष मी खाल्लं म्हणून रडल्या. मॅडम कन्नडमध्ये शांतपणे म्हणाल्या, "मुलगी फार चांगली आहे, वसुमती. पण चांगल्या वागणुकीला मार्क नसतात."

यल्लव्वा पवित्राला घेऊन दाखला न्यायला आली. बाईंनी तिला सगळं सांगितलं, जागेचं, चिमट्यांचं, काही म्हणजे काही लपवलं नाही. "चूक माझी आहे. मी तिच्या वडिलांशी बोलते," त्या म्हणाल्या.

"त्येचा आता उपेग न्हाई, मिस. मामा न्यायला आलाय." यल्लव्वाने डोळे पुसले आणि उलट बाईंचीच समजूत घातली. "तुमी जिवाला लावून घेऊ नका. शिकली न्हाई असं कसं म्हनता? कुनी चिमटा काढला तरी गप बसायला शिकली. सासरी त्येच तर लागतंय."

ती हे मनापासून म्हणाली. वसुमतीबाईंना वाटलं, आता तरी या पोरीने ओरडावं, भांडावं, नाही म्हणावं. पवित्रा आई आणि बाई यांच्या मध्ये उभी होती, खाली बघत, जराही आवाज न करता.