आमच्याकडे प्लास्टिक काढत नाहीत

गेम खेळून कुणाला नोकरी लागते यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि हे मी घरात मोठ्याने बोलूनही दाखवलेलं. माझी मुलगी रुचिता दोन वर्षं कॉल सेंटरला कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या खात होती. एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, ठाण्यात एक कंपनी गेम बनवते. त्यांना टेस्टर हवेत. गेम बाजारात यायच्या आधी खेळायचा आणि कुठे काय बिघडतंय ते शोधून लिहायचं."

"अगं बाई! आणि झोपा काढायचे पैसे कोण देतं, तेही विचार त्यांना," मी म्हटलं.

पण पोरगी हट्टी. अर्ज केला, पहिली मुलाखत दिली, आणि पुढची परीक्षा अशी ठरली की कंपनी एक अर्धवट झालेला गेम पाठवणार, रुचिताने तो खेळून चुकांची यादी महिन्याभरानंतरच्या रविवारी संध्याकाळी सहाच्या आत द्यायची. तिचा लॅपटॉप सहा वर्षांचा. त्याच्यावर साधा व्हिडिओ लावला तरी तो प्रेशर कुकरसारखा फुसफुसायचा, गेम कुठला उघडायला. तयार कॉम्प्युटर घ्यायचा तर आमच्या ऐपतीच्या दुप्पट. म्हणून महिनाभर एकेक पार्ट शोधून घरीच जोडायचं ठरलं.

खरेदीला मी बरोबर होतेच. मी ब्लाऊज शिवते, डोंबिवलीत पंचवीस वर्षं शिवते, भाव कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. ठाण्यातल्या दुकानात तो माणूस आम्हाला सगळे पार्ट आत बसवायला सात रंगांचे दिवे लागणारा डबा गळ्यात मारत होता. मी म्हटलं, "दादा, यात काय गणपती बसवायचाय?" मग त्याने मागून काळा, साधा, बिनदिव्याचा डबा काढला. रुचिता म्हणाली, "हाच. हवा चांगली खेळते याच्यात, आणि वाचलेले पैसे कार्डाला." आपल्या पोरीला एवढं कळतं, हे मला त्या दिवशी कळलं.

कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, पडद्यावर चित्र आणणारं, सगळ्यात महाग वस्तू. ते मात्र तिने सेकंड हँड घेतलं, आंबिवलीच्या प्रीतम नावाच्या मुलाकडून. माझ्या मनात तेव्हापासूनच पाल चुकचुकत होती. दुसऱ्याने वापरलेली वस्तू म्हणजे त्याने ती का विकली असेल, हा प्रश्न आलाच.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावरचं प्लास्टिक आठ वर्षं जागच्या जागी, मिक्सरच्या बटणांवरचंसुद्धा. नवऱ्याने एकदा नव्या घड्याळाच्या काचेवरचं सोललेलं, तर मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. शिवाय माझा हात सफाईचा. सोसायटीत कुणाच्या मोबाईलला स्क्रीनगार्ड लावायचा असला की माझ्याचकडे येतात. एक बुडबुडा राहत नाही.

शनिवारी दुपारी रुचिताने माझ्या कापायच्या टेबलावर सगळं मांडलं. नवरा ड्यूटीवर होता, घरात आम्ही दोघीच. ती एकेक भाग हातात घेऊन मला सांगत होती. प्रोसेसर हा मेंदू. तो तापतो, म्हणून त्याच्या डोक्यावर कूलर बसवायचा. कूलर म्हणजे उन्हाळ्यात पाणी घालतो तो नव्हे, मुठीएवढा पंखा, आणि त्याच्या पोटाला तांब्याची गुळगुळीत चकती. ती चकती प्रोसेसरला घट्ट टेकली पाहिजे, मध्ये फक्त थोडी पांढरी पेस्ट. रुचिताने चकतीवरचं पारदर्शक प्लास्टिक काढून बाजूला टाकलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत गॅलरीत गेली.

मी बघते तर चकती उघडी. वर छताचा पंखा गरगरतोय, टेबलभर कापडाची कात्रणं, दोऱ्यांचा भुगा उडतोय. आणि तांबं! तांब्याला नुसतं बोट लागलं तरी डाग पडतो, देवाची भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. म्हटलं, पोरीचं लक्ष नाही, एवढी महागाची वस्तू काळी पडेल. बाजूलाच ते प्लास्टिक पडलेलं. मी ते हलक्या हाताने परत चिकटवलं. कोपऱ्याला कोपरा, एक सुरकुती नाही. फार बरं वाटलं.

रुचिता आली, प्रोसेसरवर पेस्टचा ठिपका दिला, कूलर उचलून बसवला, चार स्क्रू आवळले. मग कार्ड, मग बाकीच्या वायरी. पाच वाजता बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली, आणि आम्ही दोघींनी लहान मुलींसारख्या टाळ्या पिटल्या.

चार मिनिटांनी कॉम्प्युटर ठप्प झाला. परत लावला, तीन मिनिटं. परत लावला, तीनसुद्धा नाही. रुचिताचा चेहरा उतरला. "मी सगळं सोडवून परत जोडून बघते," ती म्हणाली.

"काही सोडवायचं नाही," मी म्हटलं. "सगळं नवं कोरं आहे. जुनं एकच आहे त्यात. त्या मेल्या आंबिवलीवाल्याने टोपी घातलीय आपल्याला!"

कार्डाशिवाय लावून बघावं, तर आमच्या स्वस्तातल्या प्रोसेसरला कार्ड नसलं की पडद्यावर चित्रच येत नाही. म्हणजे खात्री करायचा मार्ग नाही. रात्रभर ती कूस बदलत होती. रविवारी सकाळी मी कार्ड टॉवेलात गुंडाळलं, तिला हाताला धरलं आणि आंबिवली गाठली.

प्रीतमच्या गल्लीत मी काय बोलले ते सगळं सांगत नाही. "फसव्या" म्हटलं, "पोरीची नोकरी घालवलीस" म्हटलं, "आईबापांनी हेच शिकवलं का" हेही म्हटलं. समोरच्या घरातून एक म्हातारे गृहस्थ बनियनवर बाहेर येऊन उभे राहिले. रुचिता मागून माझा पदर ओढत होती, "आई, हळू बोल ना, प्लीज." प्रीतम पंचविशीचा, चष्मेवाला, शांत. म्हणाला, "काकू, टेन्शन नका घेऊ. आत या. लावून बघूया."

त्याने आमचं कार्ड आपल्या कॉम्प्युटरला लावलं आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू केला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. गाड्या आपल्या पळतायत. मी मनातल्या मनात म्हणत होते, बंद पड, बंद पड की रे. नाही पडला.

"तुमचा किती वेळात बंद होतो?" त्याने रुचिताला विचारलं.

"तीन-चार मिनिटांत. गेम लावायच्या आधीच."

"मग कार्ड नाही. प्रोसेसर तापतोय." त्याने स्क्रूड्रायव्हर आणि पेस्टची ट्यूब पिशवीत टाकली. "चला, मी येतो. काकू, माझ्याकडे अजून दोन कार्डं विकायचीत, आणि तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगितलंय की मी चोर आहे. आता हे चालू करूनच परत येतो."

एक वाजता तो आमच्या टेबलाशी बसला. चार स्क्रू काढले, कूलर उचलून उलटा केला. चकतीवर पेस्ट पसरलेली, आणि तिच्याखाली चकचकीत, ताणून बसलेलं, बिनबुडबुड्याचं प्लास्टिक.

"अरे, हे काढायचं राहिलं," प्रीतम हसत म्हणाला. "होतं असं. उष्णता वर जाणार कशी?"

रुचिता हसली नाही. ती खुर्चीत बसली आणि तळहाताकडे बघत राहिली. "मी काढलेलं. मला आठवतंय, काढलेलं... नाही, नसेल काढलं." मग ती रडायलाच लागली. "डोळ्यांसमोरचं प्लास्टिक मला दिसलं नाही. मी कुणाच्या गेममधल्या चुका काय शोधणार? जाऊ दे. नाहीच देत मी ती परीक्षा. सोमवारी कॉल सेंटरला जाते गपचूप."

खरं सांगते, मला गप्प बसायचं होतं. ज्या पोराला त्याच्याच दारात चोर म्हणाले, त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने बोलू? आणि कुणाला कळलं नसतं. पण पोरगी रडत होती, आणि चुकीच्या गोष्टीसाठी रडत होती.

"तू काढलेलंस," मी म्हटलं. "मी परत लावलं."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

"तांबं काळं पडेल म्हणून," मी म्हटलं. "तू गॅलरीत गेलीस तेव्हा."

आधी प्रीतमला हसू फुटलं. चष्मा काढून डोळे पुसत हसत होता. रुचिता मात्र भडकली. "आई! कालची अख्खी संध्याकाळ गेली माझी! रात्रभर झोपले नाही मी! कशाला हात लावतेस पण?" तिने बोललेला शब्द न् शब्द मी ऐकून घेतला, कारण खरा होता. मग मी प्रीतमची माफी मागितली. मान खाली घालून, नीट मागितली.

"गल्लीत येऊन मागा ना, काकू," तो म्हणाला. "तिकडे जास्त गरज आहे." येते म्हटलं, आणि पुढच्या शनिवारी जाऊन आले पण. त्या दुपारी मात्र त्याला आधी कोळंबीभात वाढला.

दोन वाजता कॉम्प्युटर लागला तो लागलाच. रुचिता खेळायला बसली. जुना वाडा, खोल्याच खोल्या, कुठेतरी खजिना. चार वाजेपर्यंत तिला फक्त तीन चुका सापडल्या, त्याही बारीकसारीक. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग थोडा उतरला होता.

"ये, बस इथे," ती म्हणाली. "तू खेळ."

"मी? अगं, मला यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच. मी खेळायचं तसं खेळते. तू जिथे हात लावायचा नसतो तिथे बरोब्बर लावतेस."

बटणं तिने समजावली. मी वाड्यात शिरले, तर स्वयंपाकघरात घागर मध्येच जमिनीवर. कुणाचा पाय लागला म्हणजे? मी ती उचलून कपाटात ठेवली. दार नीट लागेना, म्हणून उघडलं, लावलं, परत उघडलं, परत लावलं. एकदम गेममधला माझा माणूस भिंतीतून आरपार बाहेर, आणि खाली, खाली, निळ्या आभाळात पडतोच आहे!

मी दोन्ही हात वर केले. "मी काही नाही केलं! आपोआप झालं!"

"आई, परत कर," रुचिता किंचाळली. "अगदी तसंच परत कर!"

सहा वेळा केलं. सहाही वेळा पडला. तिने सगळं लिहून काढलं, मग माझ्यासारखंच नको तिथे हात लावत स्वतः आणखी पाच चुका शोधल्या, आणि पावणेसहाला यादी गेली.

बुधवारी कंपनीतून फोन आला. रुचिताने स्पीकर लावला, माझ्या हातातली सुई तशीच राहिली. ते गृहस्थ म्हणाले, "ते कपाटाचं आमच्या दहा माणसांना सहा महिन्यांत सापडलं नव्हतं. तुम्हाला कसं सुचलं हो?"

मी तिला खुणेने सांगत होते, सांग काहीतरी, सुचलं म्हण. कुणाला कळणार होतं?

"मला नाही सुचलं, सर," रुचिता म्हणाली. "ते माझ्या आईने शोधलं. बाकीच्या आठ चुका माझ्या."

मी कपाळाला हात लावला. मग ते म्हणाले, "बरं. सोमवारी दहाला या, कागदपत्रं घेऊन."

फोन ठेवल्यावर मी ब्लाऊज बाजूला टाकला, तिला जवळ ओढलं आणि चांगली रडले.