मुक्ताबाईंचा न उमटलेला अंगठा

मित्रांनो, मी शाईची एक जुनी डबी आहे. पत्र्याची, चपटी, तळहाताएवढी. माझ्या पोटात निळ्या शाईने भिजलेली गादी असे. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा माझ्यावर दाबायचा आणि कागदावर उठवायचा, एवढेच माझे काम.

अप्पा बळवंत चौकातल्या दुकानातून रशीदा वकिलांनी मला घेतले. स्वारगेटजवळ, एक जिना चढून गेले की त्यांची खोली. तिथे बायका आपली गाऱ्हाणी घेऊन येत. जितके अंगठे जास्त तितके आपले मोठेपण, असे मला वाटे. रशीदाताईंची मात्र एक रीत होती. कागद मोठ्याने वाचून झाल्याशिवाय त्या माझे झाकण उघडत नसत. मला ती रीत उगाच वेळ खाणारी वाटे.

एका वर्षी टांझानियाहून पुण्यात कायदा शिकायला आलेली नीमा ताईंच्या हाताखाली बसू लागली. आपल्या गावातही जमीन मुलग्यांच्याच नावे होते आणि मुलीने तोंड उघडले तर घर मोडले म्हणतात, असे ती ताईंना इंग्रजीत सांगे. शिकून परत जायचे आणि तिथल्या बायकांना न्यायाची वाट दाखवायची, हे तिने ठरवले होते. मराठीतले तिला दोनच शब्द पक्के येत. ताई दिवसभर म्हणत तेच.

एका सकाळी हिंजवडीकडचे सोनबा आपल्या धाकट्या बहिणीला, मुक्ताबाईंना, घेऊन आले. मुक्ताबाई विधवा. वारज्यात भाड्याच्या खोलीत शिवणकाम करून राहत. अंगावर भावाने घेतलेली नवी कोरी इरकल साडी. वडील वारले, आता जमिनीला वारसांची नावे लावायची आहेत, कागद लिहून आणलाय, फक्त अंगठा हवा, असे सोनबांनी सांगितले. ताई फोनवर होत्या. सोनबांनी मला पुढे ओढले, झाकण उघडले आणि बहिणीचा हात धरला.

तेवढ्यात नीमाने माझे झाकण मिटले.

"आधी वाचा," ती म्हणाली.

"घरचाच कागद हाय, बाई. वाचायला ह्यो काय पोथी हाय?"

ताईंनी फोन ठेवला आणि कागद वाचला. मुक्ताबाई राजीखुशीने आपला हक्क सोडत आहेत, असे त्यात लिहिले होते. बहिणीला साडीचोळी द्यायची आणि तिने वाटा सोडायचा, अशी त्या गावांत चालच पडली होती. वडिलांच्या जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, ताईंनी समजावले. तो ठेवायचा की सोडायचा, हे मुक्ताबाईंनीच ठरवायचे.

"मुक्ते, माहेर तोडतीस का?" सोनबांनी विचारले.

मुक्ताबाईंनी पदराचा काठ चाचपला. "माहेर मी न्हाई तोडत, दादा. साडी ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. अन् अंगठा बी ऱ्हाऊ दे."

सोनबा तडक जिना उतरून गेले. त्या दिवाळीत मुक्ताबाईंना भाऊबीजेचे बोलावणे आले नाही. ताईंच्या खोलीत बसून त्या रडल्या. पण वारस म्हणून नाव लावण्यासाठी ताईंनी केलेला अर्ज त्यांनी मागे घेतला नाही, आणि जमिनीच्या उताऱ्यावर त्यांचे नाव लागले. रोज दुपारी नीमाशेजारी बसून त्या सही गिरवू लागल्या. नीमाला मराठी अक्षरे शिकायची होती. दोघींची पाटी एकच.

दुसऱ्या वर्षी सोनबा पुन्हा आले, ते शाळकरी लेकीचे, शालूचे, बोट धरून. शालूने घरी विचारले होते, "मग माझा वाटापण साडीएवढाच का, आप्पा?" म्हणून ते तिला घेऊन रीतसर वाटणी करायला आले होते. वाटणीचा कागद तयार झाला. तो शालूने अडखळत, पण शेवटपर्यंत वाचला. मग मुक्ताबाईंनी सही केली. माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही. नंतर सोनबा हळूच म्हणाले, "भाऊबीजेला येतीस न्हवं?"

आता माझी गादी वाळून खडखडीत झाली आहे आणि मी खणाच्या तळाशी असते. पण मी समाधानी आहे. मध्यंतरी नीमाचे पत्र आले. ती आपल्या गावी आंब्याच्या झाडाखाली टेबल मांडून बसते. टेबलावर माझ्यासारखीच एक डबी असते, आणि बायका ती उघडण्याआधी म्हणतात, "सोमा क्वान्झा." म्हणजे आधी वाचा.

माझ्या गादीवर हजारो अंगठे पडले. मला आठवतो तो न पडलेला एक. म्हणून मित्रांनो, तुमची आजी किंवा मावशी कधी एखाद्या कागदावर अंगठा उठवायला निघाली, तर शालूने वाचला तसा तो तिला वाचून दाखवा. अडखळलात तरी चालेल. तोवर झाकण मिटून थांबायला आम्हा डब्यांची काही हरकत नसते.