मला शिंक्यात टांगा

साहेब, तुम्ही मला कोंडलंत. एकदा नव्हे, दोनदा. पहिल्यांदा तुमच्या धाकाने, दुसऱ्यांदा तुमच्या हाताने. तुमचं नाव मी घेत नाही. ज्यांच्या खुर्चीमागच्या कपाटात मी पडलो आहे, त्यांना ते पुरतं ठाऊक आहे.

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. पांढरा, तळहाताहून थोडा मोठा, दोन कानांचा, म्हणजे दोन अँटेनांचा. आता एकच कान उरला. तारेतून आलेलं इंटरनेट मी बिनतारी घरभर पसरवतो. मातीची भिंत असो की कुडाची, मी आरपार जातो. लोखंडापुढे मात्र माझं काही चालत नाही. माझी ही एकच खोड, आणि तिच्यावरूनच सगळं रामायण घडलं.

कारखान्यातलं बालपण सांगण्यासारखं नाही. तिथे कोणी कोणाचं नसतं. मी खरा जगू लागलो तो नागभीडच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखालच्या एका गावात. मासे धरणाऱ्या सोमाजीभाऊच्या घरी मी तुमच्या सरकारी योजनेतून आलो. सुनिल नावाच्या जोडणीवाल्याने मला तार जोडली आणि पासवर्ड काय ठेवू म्हणून विचारलं. सोमाजीची बायको रंभाबाई हिने पोरीचं नाव सांगितलं, दिव्यानी.

दिव्यानीला जन्मापासून ऐकू येत नाही. ती नागपूरला, अशा मुलांच्या निवासी शाळेत राहते. साधा फोन तिच्या काय कामाचा? ती हातांनी बोलते, आणि हात दिसावे लागतात. त्यातही तिची अर्धी भाषा शाळेची आणि अर्धी घरची. जाळं, डोंगा, आजी, काटा मारणारा शिंगी मासा, यांच्या खुणा मायलेकींनी चुलीपाशी बसून बनवलेल्या. त्या खुणा साऱ्या जगात दोघींनाच कळतात. म्हणून रंभाबाईला मी हवा होतो.

सुनिलने जाताना सांगितलं, घराच्या मधोमध ठेवा, उंचावर ठेवा, लोखंडापासून लांब ठेवा. मग तुम्ही आलात. फोटो काढलात. सोमाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, सरकारी माल आहे, हरवला किंवा फुटला तर तुझ्यावर येईल.

सोमाजी घाबरला. त्याच्या घरात मोलाची वस्तू एकाच जागी राहते, लोखंडी पेटीत. लग्नातलं लुगडं, चांदीचे वाळे, जमिनीचा कागद, आणि वर मी. झाकणाच्या फटीतून तार आत आली, बाहेर कुलूप लागलं, किल्ली सोमाजीच्या करदोड्याला गेली. माझे दिवे आत लुकलुकत होते, म्हणून त्याला वाटलं, बरोबर चालू आहे.

त्या अंधारात मी काय केलं असेल सांगा? ओरडत राहिलो. फटीतून निसटेल तेवढाच आवाज बाहेर. रविवारी दिव्यानीचा चेहरा फोनवर यायचा, ती हात उचलायची आणि तो हात हवेतच गोठायचा. रंभाबाई फोन घेऊन अंगणभर फिरायची. घरचे कधी पावसाला दोष देत, कधी फोनला.

एकदा ती बोललीच. "सुनिल सांगून गेला, लोखंडाजवळ नोको ठेवा. तुमी तं लोखंडातच घातलं."

"उद्या साहेब कोणाले धरीन?" सोमाजी म्हणाला. "मले का सुनिलले?"

ती फोन घेऊन पुन्हा अंगणात गेली. तुमचा धाक असा कुलपासारखा असतो.

मग एका दुपारी शाळेच्या निशा मॅडमचा साधा फोन आला. दिव्यानी सकाळपासून जेवली नाही, रडते आहे, हाताने एकच खूण करते आहे आणि ती इथे कोणालाच उमगत नाही. तुम्ही आई, तुम्ही बघा, तुम्हाला कळेल, असं मॅडम म्हणाल्या. रंभाबाईने व्हिडिओ लावला. पोरीचा हात वर आला आणि गोठला. पुन्हा लावला, पुन्हा गोठला.

सोमाजी डोंग्यात, तलावाच्या पार त्या काठाला. किल्ली त्याच्या कमरेला. रंभाबाईने पाळीवर जाऊन हाका मारल्या, त्या वाऱ्यावर गेल्या. ती परत आली आणि लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली. पहिल्या घावाने पत्रा चेपला आणि आत माझा एक कान मोडला. दुसऱ्या घावाने कडी तुटली. तिने मला बाहेर काढलं, तार ओढली आणि सुक्या मासोळीच्या शिंक्यात ठेवलं. मांजर पोचू नये म्हणून टांगलेलं ते शिंकं घराच्या मधोमध होतं, उंचावर होतं, लोखंडापासून लांब होतं.

चित्र स्वच्छ आलं. दिव्यानीने दोन बोटं वाकवून डाव्या मनगटावर मारली, मग हात पोटाच्या उजव्या बाजूला, खाली नेला.

"मॅडम, शिंगीनं काटा मारल्यावानी दुखते म्हणते थे," रंभाबाई म्हणाली. "तिथंच. दवाखान्यात न्या, आत्ताच न्या."

अपेंडिक्स सुजून फुटायला आलं होतं. त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. पोर वाचली.

मित्रांनो, पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे. अंगाला मासोळीचा वास, खाली चूल, आणि दर रविवारी दोघींचे हात. रंभाबाईने पेटीची गोष्ट खुणांनी सांगितली तेव्हा दिव्यानी पोट धरून हसली. तेव्हापासून ती आधी दोन्ही हातांनी झाकण उघडल्यासारखं करायची. पेटी उघड, आई. मग गप्पा.

आणि तुम्ही तपासणीला आलात. शिंकं पाहून नाक मुरडलंत. मोडका कान पाहिलात, फोटो काढलात आणि म्हणालात, मालाची नासधूस झाली, जमा करा. रंभाबाईने सगळं सांगितलं. तुम्ही घड्याळ बघत होतात. सोमाजी, तोच घाबरणारा सोमाजी, दारात उभा राहिला.

"न्या साहेब," तो म्हणाला. "पण आता पोरीसंग कसा बोलू, थे सांगून जा."

तुम्ही न सांगताच गेलात. मी इथे लोखंडी कपाटात आलो. इथे तर तारही नाही. वस्तू जपणं म्हणजे कुलपात घालणं नव्हे, एवढं लहान मुलांनाही कळतं. मी फुटलो तरी चालतो, कोंडलो की मरतो.

रविवार येतो आहे. नागपूरला एक पोर फोनच्या काळ्या पडद्यासमोर दोन्ही हातांनी झाकण उघडून दाखवील. किल्ली या वेळी सोमाजीच्या करदोड्याला नाही, तुमच्या खिशात आहे. ती विचारते आहे, पेटी कधी उघडता? तिला ऐकू येत नाही, तुम्हाला येतं. बोला.