बाकी काही नाही

पाठ्यपुस्तकांच्या त्या कचेरीत तिला सगळे भिंग म्हणत. बावीस वर्षं ती छपाईआधीची पानं तपासत होती आणि एक वेलांटीसुद्धा तिच्या नजरेतून सुटली नव्हती. आज तिच्याच टेबलावर कागद येऊन पडला होता: ‘पान सत्तेचाळीसवरील संख्या मी तपासली नाही. यापुढे गणिताची पुस्तकं माझ्याकडे नसावीत, हे मला मान्य आहे.’ खाली सहीपुरती जागा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तपासली नाही म्हणे!

पुस्तकात छापून आलं होतं, ‘१०,००,००१ ही मूळ संख्या आहे.’ म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाच पूर्ण भाग जात नाही. दिसायला मोठी गोंडस, उलटी वाचा की सुलटी, तीच. त्या रूपावर संपादकसाहेब भाळले. भिंग कसली भाळतेय? छपाईआधी पान हाती आलं तेव्हाच दोनपासून सत्त्याण्णवपर्यंतच्या पंचवीसच्या पंचवीस मूळ संख्यांनी तिने त्या बयेला भागून पाहिलं. बया दाद देईना. सव्विसावी आली एकशेएक, आणि बया सरळ झाली.

तेवढ्यात छापखान्यातून साहेबांचा फोन आला. “अहो, सत्तेचाळीसचं काय? यंत्र खोळंबलंय.”

“एकशेएकने भागलं. बाकी काही नाही.”

तिचे वडील शाळामास्तर. बाकी सांगितल्याशिवाय भागाकार संपत नाही, हे त्यांनी तिच्या हाडीमाशी भिनवलं होतं. तिने बाकी सांगितली. साहेबांना वाटलं, बाईंनी भागून पाहिलं, आणखी सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी फोन ठेवला आणि चाळीस हजार प्रती काढल्या. आता शाळांची पत्रं आल्यावर खापर फोडायला डोकं हवं होतं, आणि तिचं आयतं सापडलं.

कागद घेऊन ती थेट त्यांच्या खोलीत शिरली.

“झाली सही?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

तिने कागद पालथा करून पुढ्यात आपटला. “दहा लाख एक भागिले एकशेएक. तुमच्या हाताने.”

“अहो बाई, ही काय शाळा आहे?”

“शाळेचंच पुस्तक आहे. भागा!”

बाहेरच्या टंकलेखनाची टकटक एकदम थांबली. साहेबांनी मुकाट्याने पेन उचललं. नऊ. पुन्हा नऊ. शून्य. एक.

“बाकी?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“पूर्ण सांगा.”

“बाकी... काही नाही.” स्वतःचेच शब्द कानावर पडले आणि त्यांचे कान लाल झाले.

“हेच सांगितलं होतं मी फोनवर. शब्दन् शब्द!”

त्यांनी कागद टराटरा फाडला. “शुद्धिपत्र काढू. एकशेएक गुणिले नऊ हजार नऊशे एक. गणितं तुमच्याकडेच राहतील. झालं समाधान? आता बाकी काही?”

ती जागची हलली नाही.

“आहे ना,” ती म्हणाली. “माफी बाकी आहे.”