बदल कोणी केला

"मॅडम, आमचं काम कोणी गिळलं, मशीनने की माणसाने?"

विचारून टाकलं, आणि मग तिला फक्त मॅडमच्या बोटांतला पेन ड्राइव्ह दिसत राहिला – हिरवा, टोपण हरवलेला, गळ्यात लोकरीचा धागा. मागच्या बाकावर गटातल्या दोघी मैत्रिणी श्वास रोखून बसल्या असणार. पैज त्यांचीच होती, असंच तोंडावर विचारायचं. आणि गेल्या वर्षी साधं पाणी प्यायला जाऊ का म्हणतानाही जिची जीभ टाळूला चिकटायची, तिने विचारलं की. पण आत कुणीतरी हळूच म्हणत होतं, उत्तर तर तुला माहीत आहे.

"मशीनला कुठली भूक गं," मॅडम म्हणाल्या. "माझंही गेलं होतं एकदा, तीन महिन्यांचं काम. तेव्हापासून मी हे वापरते." त्यांनी चिटोऱ्यावर लिहून दिलं – गिट. "कॉम्प्युटरवरच्या फाइलींत कोणी, कधी, काय बदललं, सगळं जपून ठेवतं."

कोणी. एवढा एकच शब्द घरापर्यंत चपलेतल्या खड्यासारखा टोचत आला.

"बघा, मशीनच बदमाश," भोंगा वाटेत म्हणाली. तिच्या पोटात काही राहत नाही म्हणून ती भोंगा. "मुंगे, तू परत लिही, आम्ही टाळ्या वाजवतो."

मुंगी हसली नाही. शाळेच्या ग्रंथालयात कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते सांगणारा प्रोग्राम तिघींचा, पण त्यातला शोधायचा भाग मुंगीचा, आठवडाभर मान मोडून लिहिलेला, आणि नेमका तोच गेलेला. "लिहीन," ती म्हणाली. "पण तसा जमेल की नाही, काय माहीत."

घरी बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर कॉम्प्युटर. गिट उतरवून घेतलं, तर ते एकामागून एक चौकटी उघडून विचारत सुटलं – हे हवं का, ते कुठे ठेवू, लिहायला काय वापरणार – आणि बोट आपोआप 'पुढे'वर गेलं, आणि थबकलं. त्या दिवशीही असंच... दोन सारखे पेन ड्राइव्ह, घंटा व्हायची वेळ, 'आधीच्या फाइली बदलायच्या का?' – हो, हो, सगळ्यांना हो – आणि कॉपी उलटी झाली, जुनं नव्यावर बसलं. मिनिटभरात कळलं होतं मला. मी मशीन बंद केलं आणि डबा खायला गेले. चवीने खाल्ला, हेही आठवतं.

म्हणून आता ओळ न् ओळ वाचायची. अर्धा तास लागला, लागू दे. मग प्रोग्रामचा फोल्डर त्याच्या ताब्यात दिला, पहिली नोंद करायला गेली, तर गिटने हात वर केले. आधी सांग, तू कोण?

तिने टाइप केलं – गट क्रमांक चार. चाललं. काही कुरकुर नाही, तपास नाही. खाली नोंद उमटली, बदल करणारा: गट क्रमांक चार. म्हणजे कुणीच नाही. किती सोपं. आणि मुंगीचं काम? ते यात कुठेच नव्हतं. याची आठवण आजपासूनची, त्याआधीचं फक्त माझ्याकडे.

"नाव मागतंय वाटतं?" बाबा मागे उभे, हाताला लिफ्टदुरुस्तीच्या ग्रीसचा वास. "आमच्याकडे वही असते मशीनच्या खोलीत. स्क्रू पिळला तरी सही. परवा एका बिघाडावर मी तासभर शिव्या घातल्या, मग वही उघडली तर सही माझीच."

"मग?"

"मग काय, दुरुस्त केलं, खाली परत सही केली. चहा घेतेस?"

"चहाबिहा नंतर," आई आतून म्हणाली. "या रविवारनंतर ते प्रोजेक्ट बंद म्हणजे बंद. परीक्षा तोंडावर आलीये."

बंद. सोडलं की आपोआप मिटेल – कुणी विचारणार नाही, आईच नको म्हणते असं सांगता येईल, मुंगीसुद्धा 'असू दे' म्हणेल, ती म्हणतेच... आणि ते 'असू दे' मला जन्मभर ऐकू येत राहील. तिने नाव पुसलं, स्वतःचं लिहिलं, आडनावासकट. नोंद पुन्हा केली. अक्षरं तशीच बारीक, पण त्यांच्याकडे बघताना लिफ्ट सुटल्यासारखं वाटलं, आणि गंमत म्हणजे ती खाली जात नव्हती.

ती खुर्ची मागे सारून उठली. आई दारात आली होती, बाबांच्या हातात कप.

"मी प्रोजेक्ट सोडणार नाही," ती म्हणाली. "पहाटे उठून अभ्यास करीन, हवं तर रोज तपासा. आणि मुंगीचं काम मशीनने नाही, मी घालवलंय. उद्या तिला सांगणार आहे, पहिल्या तासाच्या आधी. ती बोलली माझ्याशी तर ठीक. नाही बोलली, तरी शेजारी बसून तिला लिहू लागणार."