सातवी पिवळी जर्सी

"सिद्धी, खाली जा, खेळ जरा!" कॉलवर बसलेल्या आईचं हे रोजचं पालुपद. कुणाशी खेळू? भिंतीशी? नागपूरहून बंगळुरूत, सर्जापूर रोडच्या या टॉवरमध्ये आलो त्याला महिना झाला होता, आणि इथल्या पोरांचं एकच उत्तर: टीम फुल आहे. मला भयंकर राग यायचा. रडूही यायचं, पण ते मी लिफ्टमध्येच उरकून घ्यायचे.

मग पार्किंगमध्ये मला भागुअक्का सापडल्या. मूळच्या निपाणीच्या, इथं इस्त्रीचं टेबल टाकलेलं. "स्वल्प सरक गं पोरी, चटका बसंल," म्हणाल्या, आणि मी तिथंच चिकटले. रोज गठ्ठे बांधायचे, त्यांच्या डब्यातली भाकरी हाणायची आणि अखंड बडबडायचं. चिठ्ठी नाही, नंबर नाही; कुठला कपडा कुणाचा ते अक्कांना पाठ.

एकदा त्या चहाला गेल्या आणि मी अतिशहाणी! आई कपाट लावते तसे सगळ्या घरांचे कपडे रंगांप्रमाणे लावून ठेवले. अक्कांनी येऊन डोक्याला हात लावला. बाकीचे कपडे त्यांनी भराभर ओळखले. पण पोरांच्या फुटबॉलच्या सात पिवळ्या जर्सी? सगळ्या सारख्या.

"आता आणि एक तक्रार आली तर टेबल उचला म्हणालेत सोसायटीवाले," अक्का हळूच म्हणाल्या.

टेबल गेलं तर मी कुठं जाऊ?

जर्सी उचलल्या आणि तडक मैदानात गेले. "ए! आपापली ओळखा! चूक माझी आहे. अक्कांची तक्रार कराल तर बघून घेईन एकेकाला!"

पोरं आधी बघतच राहिली, मग तुटून पडली. तनयला केचपचा डाग सापडला, अश्लेषाला आतली पेनची चांदणी. ओढाओढी, खिदळणं, नुसता गोंधळ! सहा जर्सी गेल्या. सातवी गिरीराजची, आणि तो हुबळीला आजीकडे. तनयनं त्याला फोन लावून सगळं सांगितलं, तर तो म्हणतो,

"मला आखूड होते ती. तिलाच दे."

"पळता येतं का तुला?" तनयनं विचारलं.

"नागपूरच्या उन्हात पळलेय बाप्पा, इथं काय!"

त्या संध्याकाळी शेजारच्या टॉवरच्या पोरांकडून सहा-शून्य हरलो. त्यातला एक गोल माझा, धडपडून पडत आमच्याच जाळ्यात. तरी तनय म्हणाला, उद्या पाचला ये.

पुढच्या आठवड्यात सातही जर्सी धुऊन एकाच पिशवीत आल्या. अक्कांनी एक उचलून मला दिली. "ही तुझी."

"कशावरून?"

"कोपरापाशी उसवलीया. त्या गोलाला पडलीस न्हवं?" अक्का हसल्या. "पाठ झाली आता मला."